थंडोबाचं गरम तेल

आमच्या धाकटीच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या, नवऱ्याला मी थंडोबा म्हणते. तोंडावर म्हणते, पाठीमागे नाही; पाठीमागे बोलायला मला दुसरी माणसं आहेत. स्वभावाने सोन्यासारखा, पण घराला आग लागली तरी हा आधी चपला सरळ करेल आणि मग पायात घालेल. स्कूटर चाळीसच्या वर कधी नेली नाही. एकदा मी मागे बसले होते, तर एक सायकलवाला आम्हाला घंटी वाजवून पुढे गेला.

धंदाही गार करण्याचाच. गाड्यांचे गळके रेडिएटर दुरुस्त करायचे. रेडिएटर पाण्याच्या टाकीत बुडवायचा, हवा भरायची, बुडबुडे कुठून येतात ते बघत बसायचं आणि ते भोक बुजवायचं. तीस वर्षं हेच. पण आता दुरुस्त कोण करून घेतंय? जुना फेकतात, नवा बसवतात. दुकानात दिवसाला एक माणूस यायचा, तोही पत्ता विचारायला.

धाकटी मागे लागली, दुकान बंद करा. आता खोटं कशाला बोलू, तिचे कान मीच भरले होते. माझा विणकामाचा क्लास माझ्या जेवणाच्या खोलीत भरतो. आठ बायका टेबलाभोवती आणि आमचे हे ताट घेऊन पलंगावर. थंडोबाच्या दुकानाला रस्त्याकडे ही एवढी मोठी खिडकी आहे. माझा जीव त्या खिडकीत अडकला होता.

अशात दातांच्या डॉक्टरीणबाई गाडी घेऊन आल्या. दोन दारांची, पोट जमिनीला टेकलेली जुनी स्पोर्ट्स कार. आठवडाभर लोकांच्या दाढा काढायच्या आणि सुट्टीच्या दिवशी रेसिंग ट्रॅकवर जाऊन गाडीचा जीव काढायचा, हा बाईंचा छंद. तक्रार अशी की चौथ्या फेरीलाच इंजिनाचं तेल एकशे चाळीस अंशांवर जातं. एवढं तापलं की तेल पाण्यासारखं पातळ होतं, लोखंडावर लोखंड घासतं आणि इंजिनाचे बारा वाजतात. बाईंनी तेल गार करणारा कूलर बसवला होता, मग त्याहून मोठा बसवला. तापमानाचा काटा काही ऐकेना.

धाकटीने त्याच दिवशी जेवताना अट घातली. "ही गाडी ट्रॅकवर वीस मिनिटं सुसाट पळू दे. तेल एकशे तीसच्या आत राहिलं तर दुकान तुमचं. वर गेलं तर ताईचं."

थंडोबांनी तोंडातला घास संपवला, पाणी प्यायले, भांडं खाली ठेवलं आणि म्हणाले, "बरं."

मग तीन दिवस त्या गाडीपुढे स्टूल टाकून बसले. नुसते बघत. मला वाटलं, खिडकी आपलीच. चौथ्या दिवशी माझ्या पिशवीतला लाल लोकरीचा गुंडा गायब! या गृहस्थाने त्याचे वीतभर तुकडे करून कूलरच्या तोंडाशी चिकटवले होते. बंपरला धाकटीचा फोन बांधला आणि बाईंना रस्त्यावरून एक चक्कर मारायला लावली. फोनमध्ये दिसलं ते असं की लोकर वाऱ्याबरोबर आत ओढली जायला हवी, तर ती बाहेरच्या बाहेर फडफडतेय. म्हणजे वारा कूलरमधून जातच नव्हता. मागे चाकाचं प्लॅस्टिकचं आवरण होतं, त्याने वाट अडवलेली. पुढचं दार सताड उघडं आणि मागच्या दाराला कुलूप, मग वारा येणार कसा? थंडोबांनी ते आवरण कापलं, पत्र्याची वाट करून दिली. पुन्हा चक्कर. सगळी लोकर शहाण्यासारखी आत. माझ्याच लोकरीने माझा घात केला.

ट्रॅकवर आणखी एक गंमत झाली. बाईंची नजर रस्त्यावर, मग काटा कोण वाचणार? थंडोबा हेल्मेट घालून शेजारी बसले. धाकटी आणि मी कठड्याला टेकून.

पहिल्या दोन फेऱ्या गोगलगायीसारख्या. तो त्यांचाच नियम: पाणी लवकर तापतं, तेल मागून रमतगमत येतं, ते ऐंशीवर आल्याशिवाय गाडीला जोर द्यायचा नाही. मग बाईंनी पाय दाबला आणि गाडी दिसेनाशीच झाली. गाडीतलं बोलणं नंतर बाईंकडून कळलं. थंडोबा एका हाताने दाराची मूठ आवळून आकडे सांगत होते. एकशे अठरा, जरा हळू. एकशे चोवीस, जरा हळू. पंधराव्या मिनिटापासून मात्र 'हळू' बंद झालं. हळू चालवून जिंकलं तर ते जिंकणं कसलं? एकशे सत्तावीस. एकशे एकोणतीस. काटा तिथेच बसला तो वीस मिनिटं होईपर्यंत.

बाई तशाच वेगात थेट आमच्यापाशी येऊन थांबल्या. टाळ्या वाजल्या. थंडोबा मात्र उतरेनात. काट्याकडे बघत बसले. मग दाराला धरून उतरले आणि म्हणाले, "एकशे एकतीस."

दुसरं कोणी बघितलंही नव्हतं हो! बाई म्हणाल्या, अहो, हे तर उभं राहिल्यावर झालं. तर हे मान हलवतात. शेवटची एक फेरी सावकाश मारायची असते, म्हणजे वाऱ्यावर तेल निवतं. गाडी उभी केली की वाराही थांबतो. "ते सांगायचं मी विसरलो. दुकान ताईंचं."

मी मनातल्या मनात खिडकीच्या पडद्याचं माप घेतलं.

धाकटीने नवऱ्याला विचारलं, "पळताना आत होतं ना?"

"होतं."

"मग विसरलात तुम्ही, कूलर नाही विसरला. दुकान तुमचंच. आणि ताई, तोंड पाडून उभी राहू नकोस, डबा काढ."

त्या दिवशी ट्रॅकवर असलेल्या तिघांनी पुढच्याच आठवड्यात आपल्या गाड्या दुकानापुढे आणून लावल्या. थंडोबा प्रत्येकीपुढे तीन-तीन दिवस स्टूल टाकून बसतात आणि लोक मुकाट्याने थांबतात. ट्रॅकवर गाडीत बसायचं मात्र त्यांनी सोडलं. आता काटा वाचायला धाकटी जाते. आकडे चोख सांगते, शेवटची सावकाश फेरी कधी चुकवत नाही. डॉक्टरीणबाईंची तक्रार एवढीच आहे की मधेच ती ओरडते, "बाई, बघता काय, त्या निळ्याला मागे टाका!"