मंगळवारी अंगात आलेली वखार

"आजी, तू आजोबांना खरंच कोंडलंवतंस व्हय?" असं नात परवा विचारत होती. कोंडलं होतं. एवढंच नव्हे, त्याचा अभिमानही होता. तेव्हा मी पंचेचाळिशीची होते. ती बाई आज मला रस्त्यात भेटली, तर आधी तिच्या कमरेची किल्ली काढून घेईन आणि मगच रामराम करीन.

आम्ही निपाणीजवळच्या खेड्यातले. नवरा तंबाखूच्या वखारीत कामाला होता. चाळायचं, पोती भरायची, शिवायची, गाडीत चढवायची. सकाळी चहाआधी दारू घेतल्याशिवाय त्याचे हात कामाला लागत नसत, आणि हे वीस वर्षं चाललं होतं. शपथा झाल्या, अंगारे झाले. शेवटी एका रविवारी मी त्याला धान्याच्या खोलीत घातलं, बाहेरून कुलूप लावलं, उंबऱ्यावर लिंबू ठेवलं आणि शेजारणीला सांगितलं, "तीन दिसांत मानूस सरळ व्हतोय का न्हाय बघा."

"आन् वरडला तर?"

"वरडू दे की. दोन बाळंतपणात मी न्हाय वरडले?"

पहिल्या दिवशी त्याचे हात इतके थरथरले की आमटी ताटात कमी आणि सदऱ्यावर जास्त गेली. मी म्हटलं, पाप बाहेर पडतंय. दुसऱ्या दिवशी घामानं अंथरूण भिजलं, डोळ्याला डोळा नाही. मी म्हटलं, उरलंसुरलं पडतंय. जेवढी थरथर जास्त तेवढा गुण जास्त, असं माझं वैद्यकशास्त्र होतं.

तिसरा दिवस मंगळवार. दार उघडलं तर तो खोलीच्या मधोमध उभा राहून हवेत चाळण हलवत होता. मग न दिसणारं पोतं उभं केलं, न दिसणाऱ्या सुतळीनं शिवायला लागला. माझ्याकडं बघून म्हणाला, "ए बाई, मुकादमाला बोलीव. गाडी लागलीया न्हवं!"

बायकोला ओळखत नव्हता. एखाद्या शहाण्या बाईनं डॉक्टर बोलावला असता. मी हळदकुंकू आणलं. आमच्याकडं देवी अंगात येते ती मंगळवारीच. आणि वीस वर्षांच्या दारुड्याच्या अंगात आली, म्हणजे ती माझ्या कुलपाला पावली, हे उघडच होतं.

शेजारीण ओटी घेऊन धावत आली आणि पदर पसरून बसली.

"आई, माझ्या थोरलीचं कदी जमंल गं?"

"गाडी भरा आदी!" तो खेकसला.

"ट्रकवाला मिळनार," डोळे पुसत ती म्हणाली. मी अशी मान डोलावली, जणू ट्रक मीच पाठवणार होते.

त्याच्या कपाळाला कुंकू लावायला गेले आणि हात चटकन मागं घेतला. कपाळ तव्यासारखं तापलं होतं. लावलेलं कुंकू घामाबरोबर नाकावरून ओघळलं, आणि चाळता चाळताच तो जोंधळ्याच्या पोत्यावर कोसळला.

मुलगी बेळगावात शिक्षिका. तिला फोन लावून मी आधी देवी आल्याचं सांगितलं, मग कोसळल्याचं.

"आई, किती दिवस कोंडलंयस?"

"तीन."

"ॲम्ब्युलन्स बोलीव. आत्ताच्या आत्ता. लिंबं ऱ्हाऊ देत."

बेळगावच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "यांची दारू एकदम कुणी बंद केली?" वर्गात उत्तर येणाऱ्या पोरीसारखा मी हात वर केला.

त्या शांतपणे म्हणाल्या, "आक्का, इतक्या वर्षांची दारू अशी एकदम तोडली तर माणूस जाऊ शकतो. ती सोडवायची तर डॉक्टरांच्या नजरेखाली. अजून थोडा उशीर झाला असता तर..." ते वाक्य त्यांनी तिथंच सोडलं. मी बाहेरच्या बाकावर बसून ते पुरं केलं.

पुढं सलाईन, जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, आणि शांत ठेवणारं औषध, तेही रोज थोडंथोडं कमी करत नेलेलं. दर थोड्या वेळानं नर्स यायची. "काका, हात पुढं करा." थरथर बघायची, नाडी बघायची, कागदावर लिहायची. मी जिला पाप म्हणत होते, तिच्यावरून इथं औषध ठरत होतं.

पेशंटला कुणी चोरून काही देऊ नये म्हणून ती पिशव्याही तपासायची. माझ्या पिशवीतनं लिंबू निघालं, अंगारा निघाला आणि तळातनं मिश्रीची डबी.

"ही कुणाची?"

"माझी. दात घासायची."

"दिवसातनं किती वेळा घासता?"

"चार-पाच."

"शेजारची कॉट रिकामी आहे, आक्का."

पाचव्या दिवशी त्यानं मला ओळखलं. "भाकरी आणलीस का गं?" मी लगेच पिशवी भरायला घेतली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एवढ्यात नाही. शरीर आत्ताशी सावरतंय. ही फक्त पहिली पायरी. पुढं गोळ्या, समुपदेशन, आठवड्याची बैठक. आणि परत घेतली, तर कुलूप नाही. इकडं आणायचं."

परत घेतली तर! बाई भरल्या घराला अपशकुन करतात, असं मला वाटलं.

आठ महिन्यांनी त्यानं परत घेतली. एका लग्नात सुरू झाली ती रोजची झाली. बैठकीला जाणं बंद झालं. मग एका सकाळी तो उंबऱ्यात उभा दिसला. पिशवीत लुंगी, टॉवेल आणि दवाखान्याची फाईल. माझी नजर सवयीनं खुंटीवरच्या किल्लीकडं गेली. त्याचीही गेली.

"कुलूप नगं," तो म्हणाला. "बेळगावची बस किती वाजता हाय बघ. आन् सकाळची थोडी घेतलीया, आदीच सांगतो. आपल्या मनानं एकदम तोडू नगा म्हणालेत त्या."

निघालो तर शेजारीण दारात. थोरलीला खरंच ट्रकवाला मिळाला होता. "वैनी, थांबा की! आज मंगळवार. धाकटीचं इचारायचं ऱ्हायलंय!"

"देवी रजेवर गेलीया," नवरा म्हणाला आणि चालायला लागला.

त्याच्या हातातली पिशवी हलत होती. मी ती काढून घेतली आणि त्याच्या मागनं स्टँडकडं निघाले.