सासूबाईंचे गुडघे आणि माझे

सायकल चालवल्यानं गुडघे बळकट होतात, हे हर्सूलच्या आमच्या कॉलनीतल्या अकरा जणांना पटवून दिल्यावर माझा गुडघा दुखायला लागला.

आधी उजवा. आठवड्याभरात डावाही! रोज सकाळी पडेगावपर्यंत जाऊन येणारा मी, जिना उतरताना कठड्याला मिठी मारायला लागलो.

त्याच महिन्यात सासूबाई खुलताबादजवळच्या गावाहून आमच्याकडं आल्या होत्या. त्याही गुडघ्यांच्या उपचारालाच! (वय बासष्ट, कायम नऊवारी, उंबरा ओलांडतानाही "आई गं!") पण पंधरा दिवसांत त्या चक्क गच्चीवर जाऊन पापड घालून आल्या. मी खालून "सांभाळून!" म्हणत होतो. बसून.

"अहो, आईचं दुखणं तुमच्यात उतरलं की काय?" बायको वंदना म्हणाली.

सासूबाईंनी त्यांच्या तेलाची बाटली माझ्यापुढं सरकवली. "चोळा जावईबापू. मला आता लागत नाय."

शेवटी अर्धी रजा टाकून फिजिओथेरपिस्ट मॅडमकडं गेलो.

"सायकलची सीट बरोबर आहे का?"

"मॅडम, मी इंजिनिअर आहे. मोजून लावलीय."

"तरी परत बघा. पायडल पार खाली असताना त्यावर टाच ठेवली, की पाय सरळ व्हायला पाहिजे. सीट खाली गेली की गुडघ्याच्या वाटीवर ताण येतो. आणि जड गिअर रेटत बसू नका. हलका लावा, पाय भरभर फिरवा."

मी मान डोलावली आणि मनातल्या मनात हसलो. इंजिनिअरला सीट शिकवते!

भर दुपारी कोपऱ्यावर रिक्षातून उतरलो आणि लंगडत निघालो. मागून घंटी वाजली.

"सरका की ओ बाजूला!"

जांभळा पंजाबी ड्रेस, तोंडाला ओढणी बांधलेली एक बाई सुसाट पुढं गेली. माझ्या सायकलवर!

"चोर! चोर! माझी सायकल!"

सगळी गल्ली बाहेर आली. भाजीवाल्यानं गाडा आडवा घातला. करकचून ब्रेक लागला. बाईनं ओढणी सोडली...

सासूबाई!

लग्नापासून त्यांना नऊवारीशिवाय मी पाहिलेलं नव्हतं. इतका हबकलो, की काय करावं ते न सुचून मी भर रस्त्यात त्यांच्या पाया पडलो. (वाकलो खरा, पण गुडघ्यांमुळं उठता येईना! भाजीवाल्यानं काखेत हात घालून उभं केलं.)

"तुम्ही? सायकल?"

"ल्हानपणी भावाची चालवायचे की! डॉक्टर म्हणले, हलकी हलकी चालवा, गुडघ्याला बरं. मग तुम्ही हापिसात गेले की निघायचे. जावयाची सायकल मागायची लाज वाटली."

"आणि हा ड्रेस?"

"वंदीचा हाय." (म्हणजे घरचं माणूसही कटात!)

माझी नजर सीटकडं गेली. मी सहा फुटी, सासूबाई जेमतेम पावणेपाच. सीट पार नळीला टेकलेली.

"ही... ही तुम्ही खाली केली?"

"लई उंच व्हती ओ. येकदम खाली घेतली तर तुम्हाला कळंल, म्हणून रोज थोडी थोडी घेतली. चार बोटं झाली, सहा झाली, तुम्ही काहीच बोलेनात. मला वाटलं, तुम्हालाबी तशीच बरी वाटती!"

गल्लीत हशा उसळला. सर्वात मोठ्यानं भाजीवाला हसला.

मी सीट वर घेतली, आठवडाभर सायकलला हात लावला नाही, मग हळूहळू अंतर वाढवलं. गुडघे सुधारले. सासूबाईंना वेगळी सायकल घेतली, आणि आता रविवारी आम्ही दोघं निघतो. पहिली दहा मिनिटं सावकाश, हा त्यांचाच हुकूम. परवा पडेगावच्या अलीकडं त्या बऱ्याच पुढं जाऊन चहाच्या टपरीवर थांबल्या होत्या. मी धापा टाकत पोचलो, तेव्हा टपरीवाला त्यांना विचारत होता, "मावशी, हे तुमच्यासंगं हायेत का?"

"व्हय, जावई हायेत," सासूबाई म्हणाल्या. "नवीन हायेत अजून. शिकतील हळूहळू."

मी एकावन्न वर्षांचा आहे!