आत्याचे केशप्रयोग

अंगावरच्या नकोशा केसांविषयी माझ्या धाकट्या आत्याइतक्या अधिकाराने बोलणारं माणूस अख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात सापडायचं नाही. ती शाळेत गणित शिकवते, एकटी राहते आणि पडताळा घेतल्याखेरीज कशावरही विश्वास ठेवत नाही. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने स्वतःच्या अंगाचीच प्रयोगशाळा केली. डावा हात वॅक्सिंगला, उजवा क्रीमला, एक पाय रेझरला आणि दुसरा केस उपटणाऱ्या विजेच्या यंत्राला. साखर-लिंबाचं वॅक्स घरी आटवताना तिचा हात ओट्यालाच चिकटला, तो मी कोमट पाणी ओतून सोडवला. क्रीमच्या वासाने शेजारीणबाई मेलेला उंदीर शोधत कपाटं सरकवत राहिल्या. नांदेडच्या लेझरवाल्या डॉक्टरीणबाईंना तिने इतके प्रश्न विचारले, की बाहेर बसलेल्या बायका पुढच्या शंका हिलाच विचारू लागल्या.

मग निकाल सांगणं सुरू झालं. लग्नाच्या पंगतीत, बसमध्ये, कुठेही. रेझरने दुखत नाही, पण खुंट लवकर येतात. केस दाट होतात ही मात्र निव्वळ समजूत. वॅक्सिंग टिकतं, पण रडवतं. क्रीम आधी थेंबभर लावून पाहावं. लेझरला खूप खेपा लागतात. ओठावर दोऱ्यासारखं दुसरं काही नाही. समोरच्याचा घास हातातच राहायचा.

आम्ही हसायचो. पण एकदा तामसी गावातल्या माझ्या चुलतबहिणीला, वर्षाला, पाहायला पाहुणे आले आणि मुलाची आई सगळ्यांदेखत म्हणाली, "पोरीले मिशा दिसून राह्यल्या." वर्षाने कॉलेज सोडलं, तोंडाला ओढणी बांधून घरात बसली. काका-काकू हवालदिल झाले. आत्याला कळलं तशी ती पिशवी भरून बसने तामसीला निघाली. सोबत मी होतेच.

तिने वर्षासमोर सगळं सामान मांडलं, प्रत्येकाचे गुण-दोष सांगितले, स्वतःचे हातपाय दाखवले. ओट्याला हात चिकटल्याची गोष्ट ऐकून वर्षा बऱ्याच दिवसांनी हसली. शेवटी आत्या म्हणाली, "एकडाव डॉक्टरीणले दाखव. मंग काढाचे असन तर काढ, नसन तर राहू दे. पण मिशीपायी कॉलेज काऊन सोडतं?"

वर्षाने दोरा निवडला. आत्याने दोऱ्याचं एक टोक दातात धरून तिथेच काम केलं. दुसऱ्या दिवशी वर्षा ओढणी न बांधता कॉलेजला जायला आदिलाबादच्या बसमध्ये चढली.

पुढे त्याच पाहुण्यांचा होकार आला. वर्षाने बापासमोर उभं राहून, आवाज न चढवता, नाही म्हणून सांगितलं. काकांनी स्वतःच फोन लावून नकार कळवला. हे कळताच आत्या मला घेऊन पुन्हा तामसीला गेली आणि तिने गावात पेढे वाटले. सोयरीक जुळली का, असं विचारणाऱ्याला ती ताठ मानेने सांगत होती, "नाही, आमच्या पोरीनं मोडली."

परतीच्या बसची वाट पाहताना पेढ्यांचा रिकामा पुडा तिच्या मांडीवर होता. बराच वेळ ती कापसाच्या शेतांकडे बघत राहिली. मग सहज बोलावं तसं म्हणाली, "मलेबी असेच पाहून गेल्ते. माह्या वक्ताले कोणी बसनं आलं नाही."

बस आली. मी तिला खिडकीची जागा दिली.