चाकाखाली वाकणारा अण्णा

उदगीरजवळच्या आमच्या शेतात बोअर मारायला तमिळनाडूची गाडी आली होती. तिचा ड्रायव्हर गाडी मागं घेण्याआधी दर वेळी खाली उतरायचा, लुंगी गुडघ्यावर दुमडायचा आणि वाकून एकेक चाक बघायचा.

"अण्णा, मागं मोकळं हाय, घ्या की!" मी वैतागून ओरडलो.

तरी तो उतरला. मागच्या चाकाला टेकून, सावलीत, आमच्या देवणी गाईची आठ दिवसांची कालवड झोपली होती. त्यानं ती उचलून माझ्याकडं दिली. मी तिला गोठ्यात नेऊन बांधली.

चहा पिताना मोडक्या मराठीत त्यानं त्यांच्याकडच्या जुन्या चोळ राजाची गोष्ट सांगितली. राजपुत्राच्या रथाखाली वासरू मेलं. गाईनं येऊन राजवाड्याच्या दारातली न्यायाची घंटा ओढली, आणि राजानं पोटच्या पोराला रथाखाली घातलं.

"खरं हाय का हे?"

"म्हाईत नाय. पण तुमच्या गाईनं कुणाच्या दारात घंटा वाजवायची? म्हणून मी बघतो."

बोअरला पाणी बेताचंच लागलं. ती कालवड मात्र चार वर्षांनी, यंदा व्याली. खरवसाची पहिली वाटी हातात घेतली तेव्हा कळलं, त्या अण्णाचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

ट्रॅक्टर सुरू करण्याआधी आता मीही वाकतो.