मी त्याला अबोला समजलो

आमच्या हिची वाचा चाकसूच्या शीतलामातेनं परत दिली, असं जयपूरच्या मराठी मंडळींत अजून सांगितलं जातं. बदलीवर एखादं नवीन कुटुंब आलं की गणेशोत्सवात कुणीतरी त्यांना ती हकिगत ऐकवतं. जत्रेत हरवलेली मुकी बायको, तिला शोधत वणवण फिरणारा नवरा आणि लाउडस्पीकरवर अचानक ऐकू आलेली आरती. तो नवरा मी. ही गोष्ट मी प्रत्येक वेळी मान खाली घालून ऐकली आणि लोकांना तो माझा विनय वाटला. घडलेल्या गोष्टीतला माझा भाग कुणीच सांगत नाही, कारण तो कुणाला ठाऊकच नाही. देवीचं श्रेय कमी करण्यासाठी मी हे लिहीत नाही. माझा लपवलेला भाग तेवढा उघड करायचा आहे.

आम्ही मूळचे सांगलीचे. बँकेतली माझी शेवटची बदली जयपूरला झाली आणि निवृत्तीनंतर मी विद्याधर नगरात घर घेऊन टाकलं, मालतीला न विचारता. तिला सांगलीला परत जायचं होतं. भांडणात आवाज चढवणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती अबोला धरायची, आणि तिचा अबोला फार शिस्तीचा असे. दूधवाल्याशी ती बोलायची, शेजारच्या कांता भाभींशी हसायची, संध्याकाळी देवापुढे खणखणीत आवाजात आरती म्हणायची. फक्त माझ्याशी बोलायची नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ इथूनच झाला.

राजा पार्कातून खरेदी करून स्कूटरवर परत येत होतो. मागच्या सीटवरून ती म्हणाली, "घर घेताना मला विचारलं नाहीत ना? मग आता माझ्याशी बोलायलाही येऊ नका." उत्तर द्यायला मी मान वळवली आणि पुढून कुत्रं आडवं आलं. हेल्मेट माझ्या डोक्यावर होतं. तिच्या डोक्यावर पदर होता.

शस्त्रक्रियेनंतर पुष्कळ दिवसांनी ती घरी आली. उजवा हात लुळा पडला होता, पाय ओढत चालायची आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूच्या डाव्या भागाला मार बसला आहे, हा वाचाघात आहे. त्यांना सगळं समजतं, पण हवा तो शब्द सापडत नाही. मी मान डोलावली. मनात मात्र तिचं स्कूटरवरचं वाक्य घट्ट बसलं होतं. बोलायला येऊ नका म्हणाली होती, आणि आता खरंच बोलत नव्हती.

संशयाला खाद्य लागतं आणि ते मला रोज मिळत गेलं. एकदा दूध उतू गेलं तेव्हा ती स्पष्ट म्हणाली, "अगं बाई!" मी धावत गेलो. "काय सांडलं? म्हण, दूध. दूध म्हण." तिनं ओठ हलवले, कपाळाला आठ्या घातल्या, पण काही नाही. नंतर एका संध्याकाळी मी देवापुढे आरती सुरू केली आणि ती मागून गाऊ लागली. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, एकही शब्द न चुकता. मुलानं पुण्याहून फोनवर ते ऐकलं आणि तो रडला. मी रडलो नाही. माझ्या अंगावर काटा आला, तो रागानं. देवाशी बोलता येतं, दुधाशी बोलता येतं, मग माझ्याशीच कसं येत नाही?

तिच्याकडून बोलण्याचा सराव करून घेणाऱ्या इस्पितळातल्या तरुण बाईंना मी आडून आडून विचारलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अंकल, गाना और बोलना दिमाग में अलग-अलग रास्ते से आते हैं। आंटी नाटक नहीं कर रहीं।" नाटक हा शब्द मी काढलाच नव्हता. तो त्यांच्या तोंडून आला, तेव्हा मला त्यांचाही संशय आला. घरी मी सापळे लावू लागलो. तिला ऐकू जाईल अशा बेतानं मुलाला फोनवर सांगायचो, "आई आता बरी आहे रे, पण मनात आलं तरच बोलेल." ती जागेवरूनच बघत राहायची. कधी डोळे भरायचे. त्या पाण्यालाही मी पुरावाच मानलं.

होळी झाल्यावर कांता भाभी आल्या. "भाईसाहब, इस बार भाभीजी को शील की डूँगरी पर धोक दिलवा दो।" जयपूरजवळच्या चाकसूच्या टेकडीवर शीतलामातेपुढे माथा टेकवून आणा, असं त्यांचं म्हणणं.

"भाभीजी, वो तो चेचक की देवी हैं." चेचक म्हणजे आपल्याकडचा देवीचा रोग.

"तो क्या हुआ? माता ने बाकी काम छोड़ रखे हैं?" कमरेवर हात ठेवून त्या म्हणाल्या. "आप तो बैंक में थे। एक ही खिड़की पर बैठे रहते थे क्या?"

मालती हसली. त्या हसण्याचाही मला राग आला. तरी मी जायला तयार झालो, पण भक्तीनं नाही. घरात तिला बोलायची गरज पडत नव्हती, सगळं हातवाऱ्यांवर भागायचं. परक्या गर्दीत एकटी पडली की हाक मारावीच लागेल, असा माझा हिशेब होता.

शीतलाष्टमीला तिकडे चूल पेटत नाही, आदल्या दिवशी केलेलं थंड अन्नच देवीला दाखवतात. भाभींनी दिलेला पुऱ्या आणि गोड पुव्यांचा डबा घेऊन आम्ही चाकसूला गेलो. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून गावंच्या गावं लोटली होती. डोंगरीच्या पायऱ्यांवर बायका मातेची गाणी गात चढत होत्या. अर्ध्या वाटेवर मालती दमली. तिला कडेच्या कठड्याजवळ बसवलं, "आलोच" म्हणालो आणि वरच्या बाजूच्या नारळवाल्याच्या दुकानाला लावलेल्या पडद्यामागे जाऊन उभा राहिलो.

फटीतून ती दिसत होती. आधी शांत बसली होती. मग इकडे तिकडे बघू लागली. तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. मी मनात म्हणत होतो, मार हाक, एकदा मार. तेवढ्यात वरून दर्शन करून उतरणारा मोठा घोळका आला आणि ती त्याच्याआड गेली. घोळका ओसरला तेव्हा कठड्याजवळ कुणी नव्हतं.

मी खाली धावलो, वर धावलो. चेंगराचेंगरीत पडली असेल तर तिला "मला उचला" म्हणता येणार नव्हतं. कुणी नाव विचारलं तर सांगता येणार नव्हतं. हे मला इतके महिने डॉक्टर सांगत होते, आणि ते खरं आहे हे तिथे, त्या पायऱ्यांवर, एका क्षणात कळलं. मी देवळाच्या दिशेनं हात जोडले. नवस बोललो नाही. "माझं चुकलं, तिला सांभाळ" एवढंच म्हणालो. आयुष्यातली माझी ती पहिली विनाअट प्रार्थना.

खालच्या मंडपातून हरवलेल्यांची नावं लाउडस्पीकरवर पुकारत होते. एक पोर सापडलं, एक म्हातारा सापडला. मग आवाज आला, "ये माताजी बोल नहीं पा रही हैं, गा रही हैं। जिनकी हों, आवाज़ पहचानकर आ जाएँ।" आणि त्या साऱ्या राजस्थानी गजबजाटावर आमच्या देवघरातली गणपतीची आरती पसरली. मराठीत, तिच्या आवाजात.

मंडपात ती एका खेडवळ बाईचा हात धरून बसली होती. डोक्यावरून केसरी लुगडी, म्हणजे ओढणी, घेतलेल्या त्या बाईनं तिला गर्दीतून बाहेर ओढलं होतं. वाटेतल्या बायकांची गाणी ऐकून ही गाऊ लागली, म्हणून माइकपुढे बसवायचं त्या बाईलाच सुचलं. मला बघताच ती बाई कडाडली, "थे कठै छा?" कुठे होतात तुम्ही?

"पानी लेने गया था," मी म्हणालो. माझ्या हातात पाण्याचं भांडं नव्हतं. तेच खोटं पुढे भाभींना सांगितलं, मुलाला सांगितलं, मराठी मंडळात सांगितलं. त्या बाईचं नाव विचारायचंही भान राहिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून सरावाच्या बाई सांगतील तसं मी करू लागलो. आरतीच्या चालीवर "पाणी हवं", "दार लावा", "चहा ठेवा". डाव्या हातानं मांडीवर ठेका धरायचा, सुरात म्हणायचं, मग सूर हळूहळू कमी करायचा. मी बेसूर, पण शेजाऱ्यांची लाज सोडून गायलो. काही महिन्यांनी सुराशिवाय दोन-दोन शब्द येऊ लागले. पूर्वीसारखं सलग बोलणं कधीच आलं नाही.

एका थंडीत गच्चीवर उन्हात मटार सोलताना मी तिला सगळं सांगितलं. पडद्याचं, फोनचं, संशयाचं. ती डाव्या हातानं शेंग फोडत राहिली. मग म्हणाली, "माहीत... आहे."

"कसं?"

"पडदा... आखूड." तिनं माझ्या पायांकडे बोट केलं. "चपला."

तिनं मला पाहिलं होतं. मला पुढचं विचारवेना, पण ते तिनं ओळखलं. "हाक... आली नाही," ती म्हणाली. बराच वेळ शब्द शोधत राहिली. मी या खेपेला सुचवला नाही. "वाटलं... याल."

मी हे मंडळात सांगू का, असं विचारलं तर तिनं जोरात नकारार्थी मान हलवली. तिच्या हयातीत मी तिचं ऐकलं. आता ती नाही, आणि माझ्या खोट्याला तिची सावली पुरवत राहणं मला बरं वाटत नाही.

डोंगरीवर देवीनं काय केलं, ते मला ठाऊक नाही. मी घालवलेलं माणूस मला परत मिळालं, एवढं ठाऊक आहे, आणि त्यासाठी मातेला, त्या केसरी लुगडीवालीला मी रोज हात जोडतो. मी सगळ्यांना पारखत राहिलो, डॉक्टरांना, बायकोला, देवालाही. ती मात्र पडद्याखालच्या चपला बघूनही तिथेच बसून राहिली, हा येईल म्हणून. हल्ली देवापुढे बसतो तेव्हा काही मागत नाही, खुणाही शोधत नाही. ती बसली होती, तसा बसतो.