पडून की अपघात

सगळे तिला हाडवाली बाई म्हणतात. इस्पितळात प्लास्टरच्या खोलीशेजारी, जिन्याखाली तिचं टेबल. पन्नाशीपुढचं कुणी साधंसं पडून हाड मोडून आलं, की त्याला गाठायचं, हाडांची तपासणी करवायची, औषध सुरू होतंय ना ते बघायचं. दुसरं हाड मोडायच्या आत. रस्त्यात ती चेहरे बघत नाही, पावलं बघते. घरातली पायपुसणी तिने खिळे मारून बसवलीत. नवरा म्हणतो, "आता मलाही ठोकून टाक एकदा."

नावं ती प्लास्टर घालणाऱ्या मामांच्या वहीतून उचलते. ‘पडून’ लिहिलेली तेवढी. ‘अपघात’ म्हणजे गाडीची धडक, असं तिने धरलं होतं.

आज सकाळी ती सहज म्हणाली, "मामा, गाड्या फार माजल्यात हो. या महिन्यात चौदा अपघात."

"गाड्या कसल्या! म्हाताऱ्या हात जोडतात. पडले म्हणून लिहू नका, सून घराबाहेर पडू देणार नाही. मग लिहितो अपघात. आपलं काय जातं?"

म्हणजे ही सगळी नावं तिच्या हातून सुटली होती. दोन वर्षांच्या वह्या तिने टेबलावर ओढल्या. पहिलाच ‘अपघात’ एका शिवणकामवालीचा. वय एकाहत्तर, उजवं मनगट, तेरा महिने झालेले.

तिने नंबर लावला. घंटा वाजत राहिली. फोन आहे, पण तिथवर जाणारे पाय उरले नसतील तर? तिने पुन्हा लावला. पुन्हा.

"बाजारात गेली असेल," मामा दारातून म्हणाले. हातांवरचा प्लास्टरचा लगदा पुसायचाही ते विसरले होते.

"नसेल गेली तर?"



चौथ्यांदा फोन उचलला गेला. "कोण? लवकर बोला, पडदा काढतेय."

"कशावर उभ्या आहात?"

"स्टुलावर. फोन खांद्यात धरलाय."

"उतरू नका! म्हणजे, उतरा. सावकाश. आधी पडदा सोडा. भिंतीला हात लावा."

"अगं बाई, मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

कापडाची सळसळ. लाकूड करकरलं. मग काहीच नाही. हाडवाली बाईने फोन कानाशी घट्ट दाबला.

"उतरले. बोला, काय विकायचंय?"

 मग तिने मनगटाचं विचारलं, तपासणीचं सांगितलं.

"येते गुरुवारी. पण सुनेला फोन नको हं."

"नाही करत. तुम्ही या मात्र."

फोन ठेवला. बोट वहीत पुढच्या ‘अपघात’वर सरकलं. मधल्या काळात दुसरं, कंबरेखालचं हाड मोडलेलं नसू दे, असं पुटपुटत तिने नंबर लावला. घंटा वाजू लागली. मामा दारातून हलले नाहीत.