वानखेडे मास्तरांचा भूगोल

कापसाच्या जिनिंगशेजारी राहणाऱ्याच्या मिशीत रुई साचते, तसे मास्तरकी करणाऱ्याच्या डोक्यात किस्से साचतात. आज झटकले तरी उद्या तेवढेच! मी सिंदीकडच्या एका शाळेत गणित शिकवायचो, पण माझ्याजवळचे निम्मे किस्से भूगोलाचे. त्याला जबाबदार आमचे वानखेडे मास्तर.

वानखेडे मूळचे ड्रिलमास्तर. भूगोलाचे मास्तर सोडून गेले तेव्हा हेडमास्तर म्हणाले, "जगाचा नकाशा उचलायला दोन माणसं लागतात. वानखेडे एकटे उचलतील. भूगोल त्यांना द्या!"

अट एकच. शाळा तपासायला येणाऱ्या डिप्टीसाहेबांचा शेरा चांगला आला तर नोकरी कायम, नाहीतर घरी. मास्तरांचं लग्नही त्याच शेऱ्यावर अडलेलं. मुलीचा बाप म्हणे, "टेंपरवारी जावई नाई चालत आपल्याले!"

*

पहिला धडा गाव आणि शहर. पुस्तकात अर्धं पान व्याख्या. मास्तरांनी ती स्टाफरूममध्ये तीनदा वाचली. आम्हा विद्वानांपैकी कोणालाच कळली नाही. शेवटी आमचा चपराशी दौलत दारातून म्हणाला, "काऊन डोकं खपवून राह्यले, मास्तर? मेल थांबली तं शहर, पॅसिंजर थांबली तं गाव, आन् सिग्नल पडला नाई म्हणून थांबली तं वावर!"

मास्तरांनी तेच फळ्यावर उतरवून दिलं. वर्गाला कळलं!

*

'शेती हा प्राथमिक धंदा, कारखाना हा दुय्यम धंदा.' हे पुस्तकातलं वाक्य मास्तरांनी जसंच्या तसं शिकवलं, एवढाच त्यांचा गुन्हा. वर्गात शेटजींचा नातू होता. शेटजी म्हणजे जिनिंगचे मालक आणि शाळा कमिटीचे अध्यक्ष. संध्याकाळी हजर!

"मास्तर, माही जिनिंग दुय्यम? आन् माह्या गाडीवानाचं वावर अव्वल?"

"तसं नाही शेटजी, आधी कापूस, मग रुई, म्हणून दुसरा नंबर..."

"दुसरा नंबर? अध्यक्षाचा?"

हेडमास्तर व्यवहारी माणूस. दुसऱ्या दिवसापासून आमच्या शाळेपुरता भूगोल सुधारला: शेती प्राथमिक, जिनिंग माध्यमिक! शेटजी खूश. प्राथमिक शाळेपेक्षा माध्यमिक मोठी असते, हे कमिटीवर राहून त्यांना कळलं होतं.

*

हवामानासाठी मास्तरांनी आवारात पाऊस मोजायचं भांडं बसवलं. ऐन एप्रिलात जमिनीला भेगा, आणि वहीत रोज दोन इंच पाऊस! मास्तर चक्रावले. दौलत शांतपणे म्हणाला, "चिमण्या तहानेनं मरून राह्यल्या होत्या. तुमचं भांडं तं रिकामंच होतं. मी रोज भरतो!"

*

अखेर डिप्टीसाहेब आले. राज्याची नुकतीच फेररचना झालेली. साहेब थेट कोकणातून, जिल्ह्यात चौथाच दिवस. त्यांनी वर्गाला विचारलं, "समुद्र कोणी पाहिलाय का रे?"

आता, महिन्यापूर्वीच मास्तर अख्ख्या वर्गाला कबड्डीच्या मॅचसाठी समुद्रपूरला घेऊन गेले होते. समुद्रपूर म्हणजे आमच्याकडचं तालुक्याचं गाव. तिथं कापूस आहे, बाजार आहे, समुद्र सोडून सगळं आहे!

सगळे हात वर.

"कोणी नेलं?"

"वानखेडे सरांनी! मोटरनं!"

साहेब खुर्चीतून उठले. "एवढ्या लांब? पाणी कसं होतं?"

पोरांना तिथल्या शाळेची विहीर आठवली. "खारं, साहेब! घोटभर बी पेववलं नाई!"

मास्तर खुलासा करायला पुढे सरसावले. तेवढ्यात मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "समुद्रपूर, साहेब, समुद्रपूर!"

साहेब मायेनं हसले. "पूर नदीला येतो, बाळ. समुद्राला भरती येते."

आणि शेरेबुकात लिहिलं: 'मुलांनी समुद्र प्रत्यक्ष पाहिला आहे. पूर आणि भरती यांत गोंधळ होतो, सराव घ्यावा. शिक्षकास कायम करावे.'